घटक ६ : युद्धपटांतील सैनिक – पुरुषत्व, बंधुभाव आणि भाषा

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

१. ‘पुरुषत्व’ ही केवळ शारीरिक बाब नसून ती भाषेतून व वर्तनातून घडवली जाते, हे उदाहरणांसह सांगता येईल.
२. युद्धपटांतील संबोधने, सर्वनामे व थट्टा यांचे भाषिक कार्य स्पष्ट करता येईल.
३. सैनिकांमधील बंधुभाव कोणाला सामावून घेतो आणि कोणाला वगळतो, याची चर्चा करता येईल.
४. परिचित चित्रपटातील एखाद्या प्रसंगाचे भाषिक विश्लेषण करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषा आणि सामाजिक दर्जा यांचा संबंध पाहिला. या घटकात तेच सूत्र वेगळ्या क्षेत्रात लावून पाहायचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ‘बॉर्डर’ किंवा ‘उरी’ यांसारखे युद्धपट पाहिले असतील. काहींच्या घरात सैन्याची परंपरा असेल. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हा शब्दच जोडला गेला आहे. आपल्यापैकी काही जण स्वतः सेवेत राहून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. या विषयाचा अनुभव त्यांना लेखकापेक्षा अधिक आहे. त्यांनी हा घटक वाचताना आपला अनुभव आणि पडद्यावरचे चित्र यांतील अंतर सतत लक्षात ठेवावे.

युद्धपट पाहताना आपले लक्ष रणगाडे, तोफा व डावपेच यांकडे जाते. परंतु चित्रपटाचा बराचसा वेळ प्रत्यक्ष लढाईत जात नाही. सैनिक वाट पाहतात, पत्रे वाचतात, एकमेकांची थट्टा करतात, भांडतात आणि गातात. पुरुषांनी एकमेकांशी कसे बोलावे, किती बोलावे आणि काय बोलू नये, याचा एक नमुनाच या प्रसंगांतून प्रेक्षकांसमोर ठेवला जातो. तो नमुना तपासणे हा या घटकाचा विषय आहे.

६.२ विषय विवेचन

६.२.१ शब्दांच्या पोटातील पुरुष

आरंभ शब्दांपासून करू. ‘वीर’ हा शब्द आपण पराक्रमी व्यक्तीसाठी वापरतो. संस्कृत ‘वीर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पुरुष’ असाही आहे. लॅटिन भाषेतील ‘विर’ म्हणजे पुरुष हा त्याचा सगोत्र शब्द असून त्याच मुळापासून सद्गुणवाचक ‘विर्तुस’ हा शब्द तयार झाला. याचा अर्थ असा की पुरुष असणे, शूर असणे आणि चांगले असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी या शब्दकुळात एकमेकींना चिकटल्या आहेत. पंजाबीत मात्र ‘वीर’ म्हणजे भाऊ. ‘वीरे’ अशी हाक ऐकताना मराठी प्रेक्षकाला त्यात पराक्रम ऐकू येतो. पंजाबी भाषकाला नाते ऐकू येते. पुरुषत्व आणि बंधुभाव या घटकाच्या दोन्ही बाजू अशा एकाच शब्दात एकवटलेल्या आहेत.

‘जवान’ या फारसीतून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ तरुण असा आहे. संस्कृत ‘युवन्’ हा त्याचा सगोत्र. ‘मर्द’ हाही फारसी शब्द. त्यापासून मराठीत ‘मर्दानी’, ‘मर्दुमकी’ असे शब्द रूढ झाले. याच्या उलट बाजूला ‘बायकी’, ‘रडूबाई’, ‘हातात बांगड्या भरणे’ हे शब्दप्रयोग आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. भित्रेपणासाठी वापरलेले हे शब्द भीतीचे वर्णन करीत नाहीत; ते पुरुषाला स्त्रीच्या जागी नेऊन बसवतात. पुरुषत्वाची व्याख्या ‘काय असावे’ यापेक्षा ‘काय असू नये’ यावर अधिक उभी असते, हे यावरून दिसते.

समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी पुरुषत्व हे एकच नसून अनेक प्रकारचे असते आणि त्यांपैकी एखादा प्रकार विशिष्ट समाजात वर्चस्व मिळवतो, अशी मांडणी केली. या वर्चस्वी पुरुषत्वाप्रमाणे प्रत्यक्षात थोडेच पुरुष जगतात, पण मोजमाप मात्र सर्वांचे त्याच मापाने होते. पडद्यावरचा सैनिक हे आपल्याकडील अशा मापांपैकी एक प्रमुख माप आहे.

६.२.२ घर आणि रणांगण : जुनी चौकट

घर बाजूला ठेवून रणांगणाकडे जाणारा पुरुष हे चित्र चित्रपटाने निर्माण केलेले नाही. मुलाचे लग्न लांबणीवर टाकून कोंढाण्यावर जाणाऱ्या तानाजी मालुसऱ्यांची कथा मराठी मनाला पोवाड्यातून परिचित आहे. तानाजी पडल्यावर मागे फिरणाऱ्या मावळ्यांना त्यांचे बंधू सूर्याजी यांनी दोर कापल्याचे सांगून थोपवले, अशी आख्यायिका आहे. ‘परतीचे दोर कापणे’ या वाक्प्रचाराचा संबंध आपण याच कथेशी जोडतो. येथे सख्खा भाऊ पडलेला असताना दुसरा भाऊ शोक करीत थांबत नाही. तो सर्वांना लढाईकडे वळवतो. शोकाचे रूपांतर कृतीत करणे ही या चौकटीची मुख्य मागणी आहे.

जे. पी. दत्ता यांच्या ‘बॉर्डर’ (१९९७) या चित्रपटात हीच चौकट दिसते. डिसेंबर १९७१ मधील लोंगेवालाच्या लढाईवर तो आधारलेला आहे. त्यातील मथुरादास या नायब सुभेदाराची पत्नी कर्करोगाने आजारी आहे. त्याला रजा मिळते आणि तो आपला आनंद सहकाऱ्यांसमोर उघड करतो. युद्ध तोंडावर आलेले असल्याने मेजर कुलदीपसिंग त्याला कठोर शब्दांत सुनावतात. पुढे हाच मथुरादास लढताना प्राण देतो. आजारी पत्नीची काळजी ही पुरुषाची जबाबदारी नव्हे काय, हा प्रश्न चित्रपट उपस्थित करतो; मात्र त्याचे उत्तर तो मथुरादासाच्या मृत्यूने देतो. त्याच चित्रपटातील तरुण लेफ्टनंट धरमवीर शत्रूच्या हेरावर गोळी झाडायला कचरतो. त्याचा हा संकोच माणुसकीचे लक्षण म्हणून नव्हे, तर ओलांडायचा टप्पा म्हणून येतो. दोन्ही उदाहरणांत पुरुषत्व जन्मतः मिळत नाही. ते सहकाऱ्यांसमोर सिद्ध करावे लागते.

फरहान अख्तर दिग्दर्शित ‘लक्ष्य’ (२००४) मध्ये ही सिद्धता संपूर्ण कथेचा कणा बनते. ध्येयहीन करण प्रशिक्षण अर्धवट सोडून पळून येतो, त्याची प्रेयसी त्याच्यापासून दूर होते, आणि तो पुन्हा प्रशिक्षणाला जातो. सैनिक होणे आणि ‘पुरुष’ होणे हे दोन प्रवास येथे एकच आहेत.

६.२.३ सर्वनामे, संबोधने आणि अंतर

रॉजर ब्राऊन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये सर्वनामांविषयी एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. युरोपीय भाषांतील एकेरी व आदरार्थी सर्वनामांची निवड सत्ता आणि सख्य या दोन तत्त्वांनी ठरते, असे त्यांनी दाखवले. मराठीतील ‘तू – तुम्ही – आपण’ आणि हिंदीतील ‘तू – तुम – आप’ या श्रेणींनाही तो सिद्धान्त लागू करता येतो.

सैन्य ही हुद्द्यांवर उभी असलेली संस्था आहे. तेथे कोणी कोणाला ‘सर’ म्हणावे आणि कोणी कोणाला ‘साब’ म्हणावे हे ठरलेले असते. वयाने व अनुभवाने मोठ्या असलेल्या सुभेदाराला तरुण अधिकारीही ‘साब’ म्हणतो. म्हणजे हुद्द्याची सत्ता एका दिशेने आणि अनुभवाचा मान दुसऱ्या दिशेने वाहतो. युद्धपट या व्यवस्थेचा पुरेपूर उपयोग करतात. संकट जवळ येते तसतशी हुद्द्यांची भाषा सैल होत जाते. ‘यार’, ‘ओये’, ‘वीरे’ अशा हाका वाढतात आणि जखमी सहकाऱ्याला अनेकदा पहिल्या नावाने हाक मारली जाते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तेथे सत्तेचे तत्त्व मागे पडते व सख्याचे तत्त्व पुढे येते. संवादाचा आशय अगदी साधा असला तरी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते ते या बदलामुळे.

आता आणखी एक फरक पाहू. हिंदीत ‘हम’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्याला सामावून. त्यामुळे हिंदी युद्धपटातील ‘हम’ मराठीत आणताना भाषांतरकाराला दर वेळी निर्णय घ्यावा लागतो. अधिकारी जवानांना ‘हम’ म्हणतो तेव्हा तो ‘आपण’ असतो. जवान पत्रातून घरच्यांना ‘हम’ म्हणतो तेव्हा तो बहुधा ‘आम्ही’ असतो. कारण तुकडीच्या अनुभवात घरच्यांना स्थान नसते. ज्या पत्नीसाठी, आईसाठी लढतो असे सैनिक म्हणतो, तिच्याशीच तो जे भोगले ते बोलू शकत नाही. बंधुभावाची सीमारेषा कोठून जाते हे मराठीचे हे दोन शब्द नेमके दाखवून देतात.

तुमची प्रगती तपासा – १
(अ) ‘वीर’ या शब्दाचे मराठी व पंजाबीतील अर्थ सांगून त्यांतील संबंध स्पष्ट करा.
(आ) ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद युद्धपटाच्या संदर्भात सोदाहरण सांगा.

६.२.४ थट्टेचे नाते

युद्धपटांतील सैनिक एकमेकांची सतत टिंगल करतात. कोणाच्या प्रांतावर, कोणाच्या खाण्यावर, कोणाच्या नवविवाहित असण्यावर विनोद होतात. बाहेरच्या माणसाने असे उद्गार काढले तर मारामारी होईल. तुकडीतील माणसाने काढले तर हशा होतो. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये अशा संबंधांचे ‘थट्टेचे नाते’ म्हणून विश्लेषण केले. ज्या नात्यात एकाने दुसऱ्याची थट्टा करण्याची मुभा असते आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो, ते हे नाते. मराठी कुटुंबातील दीर-भावजय किंवा मेहुणा-मेहुणी यांची थट्टा आठवून पाहा; ही कल्पना लगेच स्पष्ट होईल.

थट्टेचे कार्य दुहेरी असते. एकीकडे ती जवळीक सिद्ध करते. दुसरीकडे जवळीक शब्दांत सांगण्याची वेळ टाळते. ‘तुझी मला काळजी वाटते’ हे वाक्य वर्चस्वी पुरुषत्वाच्या चौकटीत अवघड असते. त्याऐवजी ‘मेलास तर तुझी रम मी पिणार’ अशा धर्तीचे वाक्य येते आणि ऐकणाऱ्याला त्यातील काळजी बरोबर कळते. भाषेचा शब्दार्थ आणि भाषेचे कार्य यांतील फरक येथे स्पष्ट दिसतो. मात्र या मार्गाला मर्यादाही आहे. ज्याला थट्टेआड लपवता येणार नाही असे दुःख आहे, त्याच्यासाठी या भाषेत जागा उरत नाही. मथुरादासाची अडचण नेमकी हीच होती.

६.२.५ रडण्याची परवानगी

पुरुषाने रडू नये असा संकेत असला, तरी युद्धपटातील सैनिक रडतात. केव्हा रडतात हे पाहिले पाहिजे. चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) हा १९६२ च्या युद्धातील लडाखच्या पार्श्वभूमीवरील चित्रपट. पराभवानंतर अवघ्या दोन वर्षांनी आलेल्या या चित्रपटात माघार घेणारे, थकलेले, गारठलेले सैनिक दिसतात. त्यातील ‘होके मजबूर मुझे’ या कैफी आझमी यांच्या गीताला महंमद रफी, तलत महमूद, मन्ना डे व भूपिंदर या चौघांचे आवाज आहेत. अनेक पुरुष एकच व्याकुळता आळीपाळीने व्यक्त करतात. एकट्याने बोलणे जमले नसते ते गीतामुळे सामुदायिक होते, आणि सामुदायिक झाल्यामुळे ते कमीपणाचे राहत नाही. ‘बॉर्डर’मधील ‘संदेसे आते हैं’ या जावेद अख्तर यांच्या गीताचे कार्यही असेच आहे. पत्र आणि गीत ही दोन माध्यमे सैनिकाला हळवे होण्याची परवानगी देतात.

आदित्य धर यांच्या ‘उरी’ (२०१९) मध्ये ही परवानगी आणखी आखडते. नायकाचा सहकारी मेजर करण हा त्याच्या बहिणीचा नवराही आहे; म्हणजे शस्त्रबंधू आणि मेहुणा ही दोन्ही नाती एकाच व्यक्तीत आहेत. करणच्या अंत्यविधीच्या प्रसंगी त्याची लहान मुलगी रडत रडत पलटणीची युद्धघोषणा देते आणि उभे असलेले सैनिक तिला प्रतिसाद देतात. एका मुलीचा शोक येथे पुरुषांच्या सामूहिक घोषणेत मिसळतो. या चित्रपटातील ‘जोश’विषयीचा प्रश्न व त्याचे ठरलेले उत्तर पुढे महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतही ऐकू येऊ लागले. ही प्रश्नोत्तरे माहिती विचारण्यासाठी नसतात. ‘जोश कमी आहे’ असे उत्तर देण्याची सोयच तेथे नाही. एकजूट टिकवणे हे त्यांचे कार्य. मात्र एखाद्याचे खरे उत्तर वेगळे असू शकते, हे त्यामुळे ऐकू येत नाही.

६.२.६ भावकी आणि बंधुभाव

भावाच्या नात्यावरून मराठीत ‘बंधुभाव’ आणि ‘भाऊबंदकी’ असे दोन विरुद्ध छटांचे शब्द आहेत. सख्ख्या भावांमध्ये जमिनीची वाटणी येते, बांध येतो, कोर्टकचेरी येते. म्हणून भाऊबंदकी म्हणजे कलह. तुकडीतील भावांमध्ये वाटून घ्यायला धोक्याखेरीज फारसे काही नसते. पडद्यावरचा बंधुभाव इतका निर्मळ दिसण्याचे हे एक कारण आहे. प्रांत, धर्म व भाषा यांचे भेद ओलांडणारा देश लहान प्रमाणात त्या तुकडीत दाखवता येतो. हे चित्र मोलाचे आहे. पण तुकडीत राबणारा आचारी, हुद्द्याने सर्वांत खालचा शिपाई आणि घरी थांबलेली स्त्री यांना संवादात किती वाक्ये मिळतात, हेही मोजून पाहावे.

या बंधुभावात शत्रूला जागा असते काय? लुईस माइलस्टोन यांच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) या चित्रपटात तरुण जर्मन सैनिक पॉल खड्ड्यात अडकलेला असताना एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि नंतर त्याच मृत माणसाची क्षमा मागतो. शत्रूला उद्देशून तो बोलू लागतो त्या क्षणी ‘ते’ या सर्वनामाची जागा ‘तू’ घेते. ‘बॉर्डर’च्या शेवटी येणाऱ्या ‘मेरे दुश्मन मेरे भाई’ या गीताच्या शीर्षकातच शत्रू आणि भाऊ शेजारी शेजारी आहेत. फरक स्थानाचा आहे. पॉलची क्षमायाचना युद्धाच्या मध्यावर येते आणि पुढील प्रत्येक दृश्यावर तिची छाया पडते. ‘बॉर्डर’मधील गीत विजयानंतर येते.

६.२.७ जिवंत राहिलेल्यांचे काय?

शेवटी एका वास्तवाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘बॉर्डर’मध्ये सीमा सुरक्षा दलातील भैरोंसिंग या व्यक्तिरेखेला लढाईत वीरमरण आलेले दाखवले आहे. ज्यांच्यावर ती व्यक्तिरेखा बेतली ते भैरोंसिंग राठोड लोंगेवालाच्या लढाईतून जिवंत परतले होते. त्यांचे निधन डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूर येथे झाले. म्हणजे चित्रपटातील मृत्यूनंतर ते पंचवीस वर्षे हयात होते. कथेच्या दृष्टीने मृत्यू अधिक परिणामकारक ठरला असेल. परंतु लढून घरी परतणे, शेतीवाडी पाहणे, म्हातारे होणे हेही सैनिकाचे जीवन आहे. आणि त्यासाठी युद्धपटाकडे भाषा अपुरी पडते, हे यातून दिसते.

नाना पाटेकर दिग्दर्शित ‘प्रहार’ (१९९१) हा या दृष्टीने निराळा चित्रपट आहे. त्यात मेजर चव्हाण यांचा विद्यार्थी पीटर एका कारवाईत पाय गमावतो, सैन्याबाहेर येतो आणि मुंबईत खंडणीला नकार दिल्यामुळे मारला जातो. सैन्यात शिकलेला ताठ कणा नागरी वस्तीत एकटा पडतो. शेजारी गप्प राहतात. चव्हाण सूड घेतात, पण न्यायालयात त्यांची गणना मनोरुग्णांत होते. तुकडीत जे पुरुषत्व गौरवले जाते, तेच तुकडीबाहेर कोणत्या नावाने ओळखले जाते, हा या चित्रपटाचा प्रश्न आहे. तो कोणत्या बाजूने सोडवायचा याचे निःसंदिग्ध उत्तर चित्रपट देत नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

तुमची प्रगती तपासा – २
(अ) ‘थट्टेचे नाते’ ही संकल्पना स्पष्ट करून तिची एक मर्यादा सांगा.
(आ) सैनिकाच्या शोकाला युद्धपटात कोणत्या माध्यमांतून वाट मिळते?

६.३ समारोप

या घटकात आपण पाहिले की युद्धपटांतील पुरुषत्व शब्दसंग्रह, सर्वनामे, हाका, थट्टा, गीते आणि घोषणा यांतून घडते. बंधुभाव हा या चित्रणाचा सर्वांत हृद्य भाग आहे. त्यामुळेच पुरुषांना एकमेकांविषयीचा जिव्हाळा व्यक्त करता येतो. मात्र हा जिव्हाळा बहुधा मृत्यूच्या सान्निध्यातच बोलका होतो. भीती, आजारपण, अपंगत्व व वार्धक्य यांविषयी बोलण्याची सोय या भाषेत कमी आहे. चित्रपटाची प्रशंसा करणे आणि त्याच्या भाषेची चिकित्सा करणे यांत विरोध नाही. गावातल्या निवृत्त सैनिकाला आपण सहसा ‘किती शत्रू मारले?’ असे विचारतो. त्याच्याकडे सांगण्यासारखे दुसरे बरेच काही असते. ते बाहेर येण्यासाठी आपल्यालाच प्रश्न बदलावा लागेल.

६.४ पारिभाषिक शब्द

वर्चस्वी पुरुषत्व : समाजात आदर्श मानला जाणारा व इतर प्रकारांना गौण ठरवणारा पुरुषत्वाचा प्रकार.
सगोत्र शब्द : एकाच मूळ शब्दापासून निरनिराळ्या भाषांत विकसित झालेले शब्द.
समावेशक व व्यावर्तक सर्वनाम : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे (आपण) व वगळणारे (आम्ही) प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम.
थट्टेचे नाते : थट्टा करण्याची समाजमान्य मुभा असलेले नाते.

६.५ स्वाध्याय

१. ‘पुरुषत्व सिद्ध करावे लागते’ या विधानाची चर्चा ‘बॉर्डर’ व ‘लक्ष्य’ यांच्या आधारे करा.
२. ‘बंधुभाव’ आणि ‘भाऊबंदकी’ या शब्दांच्या अर्थछटांवरून सैनिकी नात्याचे स्वरूप स्पष्ट करा.
३. टीप लिहा : (अ) सत्ता व सख्य यांचे तत्त्व (आ) ‘प्रहार’मधील सैनिकाचे चित्रण.

६.६ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या आवडीच्या हिंदी युद्धपटातील दहा मिनिटांचा प्रसंग निवडा. त्यातील प्रत्येक ‘हम’चे मराठीत ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ असे भाषांतर करा आणि प्रत्येक निवडीचे कारण लिहा.
२. आपल्या परिसरातील एका निवृत्त सैनिकाशी, त्यांच्या संमतीने, त्यांच्या तुकडीतील हाका, टोपणनावे व विनोद यांविषयी बोला. मिळालेल्या शब्दांची अर्थासह यादी करा. त्यांना सांगायचे नसेल ते विचारू नका. ते जेथे थांबले, तेवढ्याची मात्र नोंद ठेवा.